विंडोज १० चा सपोर्ट संपला, लॅपटॉप ठणठणीत आहे. आता काय टाकायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. तेव्हापासून नाशिकमधल्या ओळखीपाळखीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "लॅपटॉप तर चांगला चालतोय, मग नवा घ्यायचा का?" बहुतेकांना गरज नाही. आहे तेच विंडोज १०, ओढूनताणून विंडोज ११, लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स (दोन्ही विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत सिस्टिम), असे रस्ते आहेत. त्यातला कोणता तुमचा, हे तुमच्या एखाद्या अडेल कामावर ठरतं. टॅली, डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीला लावतो ते) किंवा जुना प्रिंटर यांपैकी काय बंद पडलं तर तुमचं दुकान बंद पडेल, ते आधी बघा.

त्याहीआधी डिस्क बघा. टास्क मॅनेजर उघडल्यावर डिस्कचा आकडा सारखा १०० टक्क्यांवर असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर वर काहीही टाका, मशीन रांगणारच. एम. जी. रोडवर कुठल्याही रिपेअरवाल्याकडून साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. "विंडोज स्लो झालंय" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार तिथेच संपते.

आता आहे तेच ठेवायचं असेल तर. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट जाहीर केली आहेत. त्यासाठी विंडोजची आवृत्ती २२एच२ लागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातंही लागतं. नोंदणीचा दुवा सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर मिळतो. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला की पैसे पडत नाहीत. सीएचं ऑफिस, टेंडर भरणारे ठेकेदार, सातपूर-अंबडमधले छोटे कारखानदार यांना मी हेच सांगतो. टॅली विंडोजसाठीच बनतं, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर मिळाला तरी पोर्टलची सही करणारी सॉफ्टवेअर तिथे कुरकुर करतात. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तो प्रयोग कशाला?

विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. मशीन त्या मानाने नवं असूनही "चालणार नाही" असा निरोप येत असेल, तर बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) टीपीएम बंद असण्याची शक्यता आहे. इंटेलवाल्यांकडे ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीकडे एफटीपीएम. ते चालू केलं की अनेकदा काम झालं. खरोखर जुन्या मशीनवर रुफस हे पेन ड्राइव्ह तयार करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरून अट चुकवता येते, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. स्वतःच्या मशीनवर हौस म्हणून करा, दुसऱ्याच्या ऑफिसात करू नका.

माझा खरा जीव मिंटवर. सगळं काम ब्राउझर, पीडीएफ, व्हिडिओ, पत्रं आणि हिशेबाच्या तक्त्यांवर भागत असेल, तर मिंट टाकून मोकळे व्हा. मिंटच्या २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. रॅम ४ जीबी असेल तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, त्याहून जास्त असेल तर सिनॅमन. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा. एखाद्या अपडेटने घोळ घातला तर मशीन आदल्या स्थितीत नेता येतं.

मराठीचं मात्र नीट समजून घ्या. युनिकोडमध्ये (मोबाइलवर चालतं तसं मराठी) टाइप करणाऱ्याला अडचण नाही, इनस्क्रिप्टचा कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. पण मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे तो मिंटबरोबर येत नाही. त्यामुळे विंडोजवर एका पानात बसलेला अर्ज इथे उघडला की ओळी सरकतात आणि "आपला विश्वासू" दुसऱ्या पानावर जाऊन बसतो. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या जुन्या फायलींचा ढीग असेल, म्हणजे छापखाना, साप्ताहिक किंवा लग्नपत्रिकांचं काम, तर विंडोज सोडूच नका.

प्रिंटरची गोष्ट ब्रँडप्रमाणे बदलते. एचपीचे बहुतेक प्रिंटर मिंट ओळखतं, काहींना वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. ऑफिसाऑफिसात दिसणारा कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर डोकं खातो.

विंडोज आणि मिंट शेजारी-शेजारी ठेवलं तर दोन तक्रारी हमखास येतात. पहिली: मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. कारण 'शट डाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि डिस्कवरचा ताबा सोडत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन ती खूण काढली की प्रश्न मिटतो. दुसरी: मिंट वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. घड्याळाचा सेल गेलेला नसतो. मदरबोर्डवरची वेळ मिंट जागतिक वेळ म्हणून लिहितं, विंडोज तीच आपली वेळ समजून वाचतं. आपला फरक नेमका साडेपाच तासांचा, म्हणून आकडा बघताच रोग ओळखता येतो.

क्रोमओएस फ्लेक्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रिटायर झालेल्या काका-काकूंना यूट्यूब, जीमेल आणि नातवंडांचे व्हिडिओ कॉल एवढंच हवं असेल तर उत्तम. बिघडायला त्यात काही नाहीच. पण त्यात प्ले स्टोअर नसतं, नेट गेलं की फारसं काही करता येत नाही, आणि बसवताना डिस्क पूर्ण पुसली जाते. विंडोज शेजारी ठेवायची सोय नाही.

मिंट किंवा फ्लेक्स, दोन्ही आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतात. वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर तिथेच तपासा. कायमचं बसवायचं ठरलं तर डेटाचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पेन ड्राइव्ह मात्र रिकामा घ्या, त्यावर मिंट किंवा फ्लेक्स चढवताना त्यातलं सगळं जातं. घरातल्या लग्नाचे फोटो असलेला नको.