सी-स्पॅनचा व्हिडिओ संग्रह: उमेदवारांच्या घरच्यांचा विषय कोणी काढला, हे पाहण्यासाठी

अमेरिकेतील केबल कंपन्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या सी-स्पॅन या वाहिनीचा व्हिडिओ संग्रह २०१० पासून इंटरनेटवर विनामूल्य खुला असून त्यात १९८७ पासूनची प्रक्षेपणे जतन केलेली आहेत. निवडणुकीतील वादचर्चेत प्रतिस्पर्ध्याच्या कुटुंबीयांचा उल्लेख करावा की नाही, यावर मत बनवताना हा संग्रह कितपत कामाला येतो, एवढ्याच अंगाने मी तो तपासला.

त्याचे खरे मोल २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील दोन वादचर्चा लागोपाठ पाहिल्यावर कळते. ५ ऑक्टोबरला क्लीव्हलँड येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांनी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या समलिंगी मुलीविषयी आपुलकीने बोलून घेतले आणि चेनी यांनी त्यांचे आभार मानले. त्यानंतर आठच दिवसांनी टेम्पी येथे त्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांनी त्याच मुलीचा दाखला दिला, तेव्हा मात्र चेनी दांपत्याने उघड संताप व्यक्त केला. बातम्यांतून हा निव्वळ दुटप्पीपणा वाटू शकतो. पूर्ण चित्रफितीत मात्र दिसते, की क्लीव्हलँडला सूत्रसंचालक ग्वेन आयफिल यांनी प्रश्नातच चेनी यांच्या कौटुंबिक अनुभवाचा संदर्भ दिला होता, आणि तो चेनी यांनी स्वतःच पूर्वी जाहीरपणे सांगितलेला होता. टेम्पीतला प्रश्न समलैंगिकता ही निवड असते का, असा सर्वसाधारण होता. त्यात कोणाच्याही घरचा विषय नव्हता. मला केरी यांचा उल्लेख अनाठायी वाटतो तो एवढ्यासाठीच, कारण त्यांच्या उत्तराला त्या मुलीची गरज नव्हती.

२९ सप्टेंबर २०२० ची वादचर्चा अधिक अवघड आहे. दिवंगत मुलगा बो याच्या लष्करी सेवेचा विषय जो बायडन यांनीच काढला, आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी तो लगेच बायडन यांचा दुसरा मुलगा हंटर याच्याकडे वळवला. वडिलांच्या पदाचा मुलाच्या व्यवसायाला लाभ झाला का, हे विचारणे मी रास्त मानतो. त्याच्या व्यसनाची जाहीर वाच्यता मानत नाही, आणि एका मुलाचे नाव घेतल्याने दुसऱ्याविषयी काहीही बोलण्याची मुभा मिळते, असेही मला वाटत नाही.

सोयींबाबत सांगायचे, तर लिखित मजकुरातील ओळीवर टिचकी मारताच चित्रफीत नेमकी तेथे पोहोचते, ही उत्तम सोय आहे. तो मजकूर मात्र न तपासलेल्या उपशीर्षकांचा असल्याने विशेषनामे चुकतात आणि शोध फसतो. प्रेक्षकांना तुकडे कापून ठेवण्याची मुभा आहे, आणि नेमका प्रश्न वगळून फक्त झोंबरे उत्तर ठेवलेला तुकडा या कामासाठी निरुपयोगी ठरतो. म्हणून उल्लेखापूर्वीचा प्रश्न ऐकू येईल इतके मागे जाऊनच चित्रफीत सुरू करावी.