जखमेशेजारची मोजपट्टी: एबीएफओ क्रमांक २, दोन वर्षांच्या वापरानंतर

तालुक्याच्या गावी माझा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो आणि पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं की पंचनाम्याचे फोटो. १४ वर्षं झाली. आधी माप कळावं म्हणून शेजारी काडेपेटी ठेवायचो. कुणाच्या तरी आईच्या दंडावरच्या जखमेजवळ काडेपेटी ठेवताना हात अडखळायचा. शेवटी कोर्टात वकिलांनी विचारलंच, "काडेपेटी किती सेंटिमीटरची?" मला सांगता आलं नाही.

मग ही मोजपट्टी घेतली. मूळची अमेरिकेतल्या न्यायवैद्यक दंततज्ज्ञांच्या मंडळाची, म्हणजे एबीएफओची, चाव्याचे व्रण मोजण्यासाठी १९८८ साली मांडलेली. काटकोनात दोन भुजा, मिलिमीटरच्या खुणा, राखाडी पट्टे आणि तीन वर्तुळं. खरं काम ती वर्तुळं करतात. कॅमेरा जरा जरी तिरका झाला तरी फोटोत वर्तुळाचं अंडं होतं. गेल्या पावसाळ्यात एका घरफोडीत कोयंड्याजवळ चौकटीवर पटाशी घालून उचकटल्याची खूण होती, जेमतेम ११ मिलिमीटर रुंद. पहिल्या फोटोत वर्तुळं लांबट आली. शेजारच्यांकडून स्टूल मागून घेतलं, लेन्स अगदी समोर आणली आणि पुन्हा काढला. पट्टीशिवाय एक फोटो आधी, पट्टीसकट नंतर, हा क्रम मी कधीच मोडत नाही. पट्टीखाली काही झाकलं, असं कुणाला म्हणता येऊ नये.

चिखलातल्या बुटाच्या ठशाला मात्र ती नुसती वर ठेवून भागत नाही. शेजारी तेवढंच खोल उकरून ठशाच्या तळाच्या पातळीला बसवायची, नाहीतर बूट आहे त्यापेक्षा लहान भरतो.

माझी पहिली पट्टी ऑनलाइन स्वस्तात मागवलेली होती. चकचकीत. फ्लॅश पडला की खुणाच गायब! स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली तर ८ सेंटिमीटरला जवळजवळ एक मिलिमीटरची तफावत. तिच्यावर काढलेला एकही फोटो मी ठाण्यात दिला नाही. तेव्हा घ्याल तर बिनचकाकीची घ्या, आणि पिशवीत टाकण्याआधी स्टीलच्या पट्टीला लावून बघा.

मयताच्या अंगाजवळ मी ही प्लास्टिकची नेत नाही. तिथे एकदाच वापरायच्या कागदी पट्ट्या ठेवल्या आहेत. एका घरातलं रक्त दुसऱ्या घरात जाता कामा नये.