लंडनचा एक वर्षाचा एमएससी पब्लिक हेल्थ: पैसे कुठे वसूल होतात?

सार्वजनिक आरोग्याचा हा कोर्स चालवणाऱ्या, केपेल स्ट्रीटवरच्या लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या बाल्कन्यांवर सोनेरी डास, पिसवा आणि उवा बसवलेल्या आहेत. १८९९ साली उष्णकटिबंधीय रोगांचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या संस्थेत बॅचलर पदवीचे वर्गच नाहीत, सगळं शिक्षण पदव्युत्तर. शेजारी बसलेला विद्यार्थी बहुधा आपल्या देशातलं लसीकरण किंवा क्षयरोगाचं काम सोडून आलेला असतो. वर्गातल्या चर्चेची खरी ताकद तीच.

१८० क्रेडिट्स (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) एका वर्षात, म्हणजे दम लागतो. पहिल्या सत्रातच साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र येतं, तेही स्टेटा सॉफ्टवेअरवर. भारतातून जाणारे बीडीएस, बीएएमएस पदवीधर इथेच अडखळतात. निघण्यापूर्वी स्वतःला तपासा: ४० रुग्णांपैकी ३० जण एका विहिरीचं पाणी प्यायले, ४० निरोगी लोकांपैकी १० जण. ऑड्स रेशो (दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर) ९ कसा आला हे कागदावर मांडता येत नसेल, तर दोन महिने आधीच अभ्यासाला बसा. नंतरच्या सत्रांत मॉड्यूल (निवडीचे विषय) निवडताना नावावर जाऊ नका. एकाच वेळी भरणारी दोन मॉड्यूल घेता येत नाहीत, आणि वरच्या पातळीच्या संख्याशास्त्राला पहिल्या सत्राचा पाया लागतोच.

सगळ्यात जास्त घोळ उन्हाळी प्रोजेक्टात होतो. गावाकडचा डेटा आणायचा म्हणजे लंडनची एथिक्स (संशोधन-नैतिकतेची) मंजुरी हवी, शिवाय भारतातल्या संस्थेचीही. भारतातल्या कमिटीच्या बैठका आपल्या सोयीने भरत नाहीत. एप्रिलमध्ये विचारणा केली तर उन्हाळा संपला म्हणून समजा. बोलणी डिसेंबरातच सुरू करा, नाहीतर एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) सारख्या तयार डेटावर काम करा. ते कमी दर्जाचं मुळीच नाही.

व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस राहायला हवी. एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. टीबी तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातूनच करा. आठवड्याला २० तास कामाची मर्यादा उन्हाळी प्रोजेक्टच्या काळातही लागू असते, त्यामुळे कमाईवर फीचं गणित बांधू नका. जानेवारी २०२४ पासून अशा कोर्सवर कुटुंबाला सोबत नेता येत नाही. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याचा) दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळेल. आणि ही पदवी डॉक्टरकीचा परवाना देत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

दोन-तीन वर्षं प्रत्यक्ष काम करून, मनात एक ठोस प्रश्न घेऊन जाणाऱ्यांनी हा कोर्स जरूर करावा. नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी आधी मुंबईच्या टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) किंवा तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन सेंटरचा एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) बघावा. खर्च कितीतरी कमी आहे. नोकरी सोडणं शक्य नसेल, तर हाच विषय लंडन विद्यापीठामार्फत दूरशिक्षणानेही करता येतो.