मागायला शिकवतं, दाखवायला नाही: बेबी साइन ॲप आणि कार्डं, चार महिने वापरून

लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा आम्ही हे बेबी साइनचं, म्हणजे अजून न बोलणाऱ्या बाळांना हातांच्या खुणा शिकवणारं ॲप आणि त्यासोबत येणारा कार्डांचा सेट घेतला, आता ती तेरा महिन्यांची आहे, म्हणजे चार महिने जवळपास रोज वापरून झालंय आणि रिन्यू करायचं की नाही हे ठरवायची वेळ आली म्हणून सविस्तर लिहितेय. नाव देत नाहीये, कारण आणखी दोन ॲप्सची ट्रायल घेऊन बघितली आणि मला जी गोष्ट खटकली ती तिन्हींत सारखीच होती.

आधी चांगलं ते सांगते. कार्डं मस्त आहेत, जाड, कोपरे गोल, चघळून चघळून सुद्धा फाटली नाहीत. व्हिडिओ छोटे आहेत आणि करणारीचे हात नीट दिसतात, मागे उगाच गाणी-बिणी नाहीत. आणि खुणा येतात, हे खरंय. साडेदहा महिन्यांची असताना तिने पहिल्यांदा 'अजून' केलं, खरं तर दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकं एकमेकांना लावायची असतात, तिने दोन मुठी एकमेकींवर आपटल्या, पण कळलं की! नंतर 'संपलं' आलं, मग 'वर घे'. रडारड खरंच कमी झाली, संध्याकाळची विशेष, आणि तेवढ्यासाठी मी या लोकांची मनापासून आभारी आहे.

आता जे खटकलं ते. साधारण अकरा महिन्यांची असतानाची गोष्ट. खिडकीच्या गजावर कबूतर येऊन बसलं आणि ही माझ्या कडेवरून त्याच्याकडे बोट करून 'अं! अं!' करायला लागली. मला ॲपची सवय लागलेली, म्हणजे हात हलला की काहीतरी हवंय, म्हणून मी पाण्याची बाटली दिली, ढकलली. खुळखुळा दिला, खाली टाकला. परत बोट, परत 'अं!', आणि यावेळी मान वळवून थेट माझ्या तोंडाकडे बघितलं. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, म्हणाल्या, "अगं, ती काही मागत नाहीये, तुला दाखवतेय." मी कबुतराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, "हो गं, कबूतर आलंय!" म्हटलं, आणि ती शांत झाली. पूर्ण शांत. तिला एवढंच हवं होतं.

त्या रात्री मी यावर वाचायला बसले आणि मग कितीतरी दिवस वाचतच राहिले. बोट करण्याचे हे दोन प्रकार मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ बेट्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच वेगळे करून ठेवलेत, एक 'ते मला दे' आणि दुसरा 'ते बघ ना'. २००४ मध्ये लिस्झकोव्स्की, टोमासेलो वगैरे संशोधकांनी वर्षाच्या मुलांवर एक प्रयोग केला, मूल एखाद्या गोष्टीकडे बोट करतं तेव्हा मोठ्या माणसाने कधी नुसतं त्या वस्तूकडे बघायचं, कधी नुसतं मुलाकडे बघून हसायचं, कधी काहीच करायचं नाही, आणि कधी दोन्हीकडे आलटून पालटून बघत बोलायचं. मुलांचं समाधान फक्त शेवटच्यात झालं, बाकी वेळी ती पुन्हा पुन्हा बोट करत राहिली. वाचताना माझ्या डोळ्यासमोर ते कबूतरच येत होतं, कारण मी बरोब्बर चुकीचं वागले होते आणि लेक बरोब्बर त्या मुलांसारखी.

आता ॲपमधली यादी बघा. दूध, अजून, संपलं, वर घे, झोप, मदत, पाणी. सगळं मागणं! प्राण्यांची आणि खेळण्यांची कार्डं आहेत पण ती सुद्धा 'हे काय आहे, खूण करून दाखव' अशी, म्हणजे परीक्षाच. मूल स्वतःहून काही दाखवतंय तर तुम्ही काय करायचं, यावर एकही व्हिडिओ नाही, एक ओळ सुद्धा नाही, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा दोष आहे, कारण भाषा जिथून फुटते ती जागाच यांनी सोडून दिलीय.

आणि गंमत म्हणजे ॲपमध्ये 'प्राणी सुद्धा खुणा करतात' असा एक सेक्शन आहे, त्यात वॉशू नावाची चिंपांझी आहे, कोको गोरिला आहे, माहिती चुकीची नाही पण अर्धी आहे. वॉशूला गार्डनर पतीपत्नींनी १९६६ पासून अमेरिकन साइन लँग्वेजमधल्या खुणा शिकवल्या आणि ती सव्वाशेच्या वर खुणा शिकली, इथपर्यंत ठीक. पण 'निम'चं नाव सुद्धा नाही! हर्बर्ट टेरेसने कोलंबिया विद्यापीठाच्या प्रोजेक्टमध्ये निम चिम्प्स्की नावाच्या चिंपांझीला अशाच खुणा शिकवल्या, त्यालाही सव्वाशेच्या आसपास आल्या, आणि मग टेरेसने व्हिडिओ पुन्हा नीट तपासले तर दिसलं की निमच्या बऱ्याचशा खुणा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल होत्या. त्याचं सगळ्यात लांब 'वाक्य' सोळा खुणांचं, आणि त्यात काय, तर दे, संत्रं, मला, खा, तू, हेच पुन्हा पुन्हा उलटसुलट. खुणा वाढल्या तरी सांगणं वाढलं नाही. टेरेसने १९७९ मध्ये हे छापलं आणि त्या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली.

हे मला इतकं लागलं कारण ॲपची पद्धत निमच्या वर्गासारखीच आहे हो! 'बाळाला वस्तू लगेच देऊ नका, आधी खूण करून दाखवा, त्याने केली की मगच द्या.' मी बाटली हातात धरून 'दूध' ची खूण करत बसायचे आणि ती भुकेने कळवळायची. आठवडाभर केलं हे मी. नंतर बंद केलं.

याउलट कांझीचं बघा. कांझी हा बोनोबो, म्हणजे चिंपांझीच्या जवळच्या नात्यातला वानर, संशोधिका सू सॅव्हेज-रम्बॉ त्याच्या सांभाळणाऱ्या आईला, मटाटाला, चिन्हांचा कीबोर्ड शिकवत होत्या, तिला तो फारसा जमला नाही, आणि आजूबाजूला हुंदडणारं पिल्लू कोणी न शिकवताच शिकून बसलं. पुढे १९९३ मध्ये साडेसहाशेच्या वर बोललेल्या सूचनांवर त्याची परीक्षा घेतली तर तो दोन वर्षांच्या मुलीच्या बरोबरीला, किंचित पुढेच निघाला. ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटालाही आयरीन पेपरबर्ग समोर बसवून घोकून घेत नव्हत्या, दोन माणसं त्याच्यासमोर वस्तूंबद्दल एकमेकांशी बोलायची, देवाणघेवाण करायची, आणि तो बघून बघून शिकायचा. म्हणजे वानर असो, पक्षी असो, चाललेल्या गप्पांच्या मधोमध ठेवलं की जास्त शिकतो. आमच्याकडेही 'संपलं' कार्डामुळे आलं नाही, मी आणि नवरा ताट उचलताना एकमेकांना ती खूण करायचो, ते बघून आलं.

त्या सेक्शनमध्ये माणसाने शिकवलेल्याच खुणा आहेत, जंगलात वानर स्वतःच्या ज्या खुणा करतात त्या नाहीतच, आणि आईबापांना खरा उपयोग त्यांचा आहे. युगांडातल्या बुडोंगो जंगलात कॅथरीन होबायटर आणि रिचर्ड बर्न यांनी चिंपांझींच्या ६६ खुणा नोंदवल्या, २०१४ मध्ये त्यातून १९ अर्थ काढून दाखवले. उदाहरणार्थ एक चिंपांझी दुसऱ्यासमोर स्वतःचं अंग मोठ्याने, लांब ओढून खाजवतो, त्याचा अर्थ 'ये, माझे केस साफ कर'. हे नुसतं खाजवणं नाही हे कशावरून? तर आधी तो समोरच्याचं लक्ष आहे का बघतो, खूण करून थांबतो, आणि काही झालं नाही तर पुन्हा करतो किंवा दुसरी खूण वापरतो. बघणं, थांबणं, पुन्हा करणं. मी हे तीन शब्द कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले आणि लेकीकडे तसं बघायला लागले, आणि खरं सांगते, ज्या हालचालींना मी 'हात उडवतेय' म्हणायचे त्यातल्या निम्म्या तरी माझ्यासाठी होत्या. पाठ करून उभी असले तर ती हात करत नाही, माझा पाय ओढते. तोंड तिच्याकडे असलं की मग हात वर. चिंपांझीही असंच करतात, समोरचा बघत नसेल तर दिसणारी खूण न करता हात लावतात.

होबायटर यांच्याच गटाने एक-दोन वर्षांच्या मुलांच्या ५२ खुणा नोंदवल्या, त्यातल्या ४६ चिंपांझींमध्येही सापडल्या. फक्त मुलं बोट खूप जास्त करतात. परत तेच बोट!

पक्ष्यांचं एक कार्ड आहे, दोन्ही हात पंखांसारखे हलवायचे, लेकीचं आवडतं. पण पक्षी स्वतः खुणा करतात हे ॲपला माहीतच नसावं. ऑस्ट्रियात सिमोन पिका आणि थॉमस बुगन्यार यांनी रेव्हन, म्हणजे कावळ्याच्याच कुळातला मोठा काळाभोर पक्षी, बघितले. ते चोचीत शेवाळ, खडा, काटकी धरून दुसऱ्याला दाखवतात, बहुतेक वेळा नर मादीला किंवा मादी नराला, आणि समोरचा वळून बघतो, जवळ येतो. २०११ चं काम आहे हे. दाखवणं! आणि २०२४ मध्ये जपानच्या तोशिताका सुझुकींनी तिथल्या टिट नावाच्या इवल्याशा पक्ष्याबद्दल लिहिलं. जोडी चोचीत चारा घेऊन घरट्यापाशी येते, भोक एवढंसं, एका वेळी एकच आत जाणार. मग मादी जोडीदाराकडे तोंड करून पंख फडफडवते आणि तो आधी आत जातो. 'तू हो पुढे'. पंख घरट्याकडे नाही, त्याच्याकडे वळलेले असतात. हा एक व्हिडिओ त्या सेक्शनमध्ये टाकला असता तरी मी एक स्टार वाढवला असता.

जाहिरातीतल्या दाव्यांबद्दल थोडक्यात. 'मूल लवकर बोलेल' यावर भरोसा ठेवून घेऊ नका. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये ४० बाळांना आठ ते वीस महिने वयापर्यंत फॉलो केलं, खुणा शिकवलेल्यांची भाषा पुढे गेली नाही. मात्र त्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त लक्ष देऊन प्रतिसाद द्यायला लागल्या, आणि हा फायदा मला स्वतःला पुरेपूर मिळाला. आणि कृपया ॲपवाल्यांनी या कार्डांना 'साइन लँग्वेज' म्हणू नये. कर्णबधिर लोकांच्या भाषांना स्वतःचं व्याकरण आहे, ती भाषा बघत वाढणारी कर्णबधिर बाळं तर हातांनी बोबडं बोलतात हे १९९१ मध्येच दाखवून झालंय. चाळीसेक कार्डांना भाषा म्हणणं त्या लोकांवर अन्याय आहे.

बाकी बारीकसारीक: रोज संध्याकाळी 'आज किती साइन्स?' असं नोटिफिकेशन येतं, पहिल्याच आठवड्यात बंद करा, उगाच जिवाला घोर लागतो. प्रोग्रेसचा तक्ता फक्त त्यांच्या यादीतल्या खुणा मोजतो, मुलाने स्वतः बनवलेली खूण टाकायला जागाच नाही. लेकीची दिव्यासाठी स्वतःची खूण आहे, मूठ उघडायची-मिटायची, ती तिथे शून्य धरली जाते. हे तरी दुरुस्त करा अशी मी त्यांना मेल केलीय, उत्तर आलेलं नाही.

कार्डांना ४, ॲपला २. नुसती कार्डं वेगळी मिळत असतील तर जरूर घ्या, सबस्क्रिप्शन मी रिन्यू करत नाहीये. कार्डं खालच्या खणात ठेवलीत, तिला स्वतःला काढता येतात. काल तिने गोरिलाचं उचललं, उलटं धरलं, आजीसमोर जाऊन उभी राहिली, आणि आजी हातातलं काम ठेवून वर बघेपर्यंत हात खाली घेतला नाही.