मेन बोर्ड हलवताय? प्लास्टरआधी भिंत बघून घ्या

कवेलू उतरवून स्लॅब टाकला आणि जुना मेन बोर्ड नेमका नव्या बाथरूमच्या भिंतीवर आला. लाकडी फळी, तिच्यावर चिनीमातीचे किटकॅट फ्यूज. तो ओसरीत न्यायचा होता. तालुक्याहून एक ठेकेदार आला. "काहून टेन्शन घेता भाऊ, आपलं घर समजून करून देतो ना!" माल-मजुरी धरून 22,000 ठरले, निम्मे आगाऊ.

कागदावर त्यानं लिहून दिलं होतं: तांब्याची वायर, एमसीबी (जास्त वीज ओढली की पडणारा खटका), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा खटका), कोळसा-मीठ घालून अर्थिंग. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, दिवसभर घरी एकटी आई. तेवढ्यातच त्यानं वायरसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा बुजवून प्लास्टर मारून घेतलं. वरून नव्या बोर्डाचा डबा चकाचक.

मीटरही सरकवतो म्हणत होता. सील काढून पुन्हा लावायचे वेगळे 3,000. त्याला साफ नाही म्हटलं. मीटरशी केलेली छेडछाड वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरीत धरतात, आणि तेव्हा पकडतात घरमालकाला. मीटरची जागा बदलायची तर महावितरणकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

मार्चमध्ये कूलर काढला. लोखंडी कूलरचा शॉक लागून काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पाणी भरताना आईनं हात झटकला, "मुंग्या आल्या रे!" अर्थिंग नीट असेल तर गळती तिकडून जमिनीत जाते आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी क्षणात वीज तोडते. इथे डब्यातलं काही हललंच नाही.

आयटीआय केलेल्या गावातल्या पोरानं डबा उघडला. आरसीसीबी म्हणून लावलेलं ते साधं आयसोलेटर, म्हणजे नुसता हातानं चालू-बंद करायचा खटका, निघालं. दिसायला जवळपास तसंच, पण त्यावर 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण नव्हतं. वीज चालू असताना ते बटण दाबलं की खटका पडायला हवा. घरी जाऊन आजच दाबून पाहा. अर्थिंगची हिरवी वायर भिंतीत वीतभर आत जाऊन संपली होती. खड्डा, कोळसा, मीठ फक्त कागदावर. वायर ब्लेडनं खरवडली तर आत पांढरी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. प्लास्टरखाली एक पिळलेला जोड सापडला, टेप काळी पडलेली. आणि कूलरच्या लाइनला 1.5 स्क्वेअर एमएम वायर, वर एमसीबी मात्र 32 अँपिअरची! अशात वायर तापून जळते तरी एमसीबी पडत नाही. बाकी चोरी पैशाची होती, पण यात घर पेटलं असतं.

नवं काम देताना त्या पोराच्या ओळखीचा परवानाधारक वायरमन गाठला. वायरवर आयएसआय आणि आयएस 694 (वायरचं भारतीय मानक) वाचून घेतलं, रिकामी खोकी ताब्यात ठेवली, खाचा उघड्या असतानाच मोबाइलवर फोटो काढले. गावात असं केलं की लोक म्हणतात, भलताच संशयी माणूस आहे बाप्पा. म्हणू द्या.

ठेकेदार आता फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार टाकली आहे, पण त्याच्या कागदावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना सही. शेजारच्या गावात तो घरकुलांच्या वायरिंगची कामं धरतोय असं परवा कळलं.