डब्यावर १०० वॅट, अ‍ॅडॉप्टरवर २४

ऑर्केस्ट्रातून फिरणाऱ्या गिटारवाल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे ९,५०० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत.

कार्यक्रमाला मी बहुतेक एसटीनेच जातो. रोलंडचा जेसी-१२० हा गिटार अ‍ॅम्प भरतो सुमारे २८ किलो, तो टेम्पोशिवाय हलत नाही. म्हणून पेडलबोर्डवर, म्हणजे पायाने दाबायच्या इफेक्ट पेडलच्या फळीवर, मावेल असा छोटा पॉवर अ‍ॅम्प हवा होता, कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, साउंडवाल्याकडे असतंच. पुण्यातल्या एका दुकानात तळहाताएवढा डबा दाखवला, वर ठळक छापलेलं : १०० वॅट. "दादा, मैदानात वाजवा, कमी पडला तर पैसे परत," असं म्हणून दुकानदाराने काचबंद खोलीत डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटका केलेला आवाज) लावून वाजवून दाखवला. कानठळ्या बसल्या. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वेगळा पडेल" म्हणाला. मी रोख पैसे दिले आणि कच्ची पावती घेऊन निघालो.

पहिलाच कार्यक्रम कराडजवळ, हळदीचा, उघड्यावर. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू झाले आणि माझी क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवायची, गिटार ऐकूच येईना. व्हॉल्यूम वाढवला की आवाज फाटायचा. साउंडवाल्याने कॅबिनेटसमोर माइक लावला, पण तोवर एका गाण्याचा सुरुवातीचा पीस वाया गेला होता. गायिकेने वळून माझ्याकडे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

घरी येऊन अ‍ॅडॉप्टर पाहिला. आउटपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला की २४ वॅट. आत जाणारी वीजच २४ वॅटची, मग बाहेर १०० येणार कुठून? अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या काकांनी डबा उघडला. आत व्होल्टेज वाढवणारं सर्किटच नव्हतं. १२ चा वर्ग १४४, त्याला ८ ओहमच्या (कॅबिनेटचा विद्युत विरोध) दुपटीने, म्हणजे १६ ने, भागा : ८ ओहमच्या कॅबिनेटला न फाटता फार तर ९ वॅट. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नल सतत भरलेला असतो, त्यामुळे बंद खोलीत तेवढेही भरपूर वाटतात. क्लीन टोनमध्ये प्रत्येक फटक्याला क्षणभर जास्त ताकद लागते, आणि नेमकं तेच त्याने वाजवून दाखवलं नव्हतं.

छोटे अ‍ॅम्प सगळेच खोटे नसतात. सीमोर डंकनचा पॉवरस्टेज १७० पेडलएवढाच, तरी ४ ओहमला १७० वॅट देतो. पण तो थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालतो, मोबाइलसारख्या अ‍ॅडॉप्टरवर नाही. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टर उलटा करून व्होल्ट आणि अँपिअर वाचा. आपलं कॅबिनेट दुकानात न्या, क्लीन टोनच वाजवा, शेजारी कुणाला तरी ड्रम वाजवायला लावा. आणि पक्क्या बिलावर मॉडेल व वॅट लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, पण माझ्या पावतीवर नुसतं "म्युझिक आयटम" लिहिलंय.

परत करायला गेलो तर "सील तुटलं" म्हणून हाकलून दिलं. काउंटरवर तसेच चार डबे मांडलेले होते, आणि गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आलेत.