भिंतीवर कोणता बर्फ लावायचा?

नाताळच्या सुट्टीत घरात एखादं बर्फाचं चित्र हवं, असं मनात आलं की हात आधी सोळाव्या शतकातला चित्रकार ब्रूगेल याच्या ‘बर्फातले शिकारी’कडे जातो. माझाही गेला. ए-फोर कागदावर छापून घेतलं, फ्रेम केलं, सोफ्यावर बसून पाहिलं, तर गोठलेल्या तळ्यावर खेळणारी माणसं म्हणजे सांडलेली मोहरी! चूक माझीच. १५६५ सालचं मूळ चित्र व्हिएन्नात आहे, लाकडावर रंगवलेलं, सुमारे ११७ सेंटिमीटर उंच आणि १६२ रुंद. ते जवळ जाऊन वाचायचं चित्र आहे. शिकाऱ्यांच्या मागे कुत्र्यांचं अख्खं टोळकं, शिकार मात्र एकच कोल्हा, तोही भाल्याला लटकवलेला. खानावळीची पाटी एकाच आकड्यावर लोंबतेय. पार लांब एका धुराड्याने पेट घेतलाय. आणि ते डोंगरकडे? ब्रूगेलचा मुलूख, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा, तर सपाट. इटलीच्या प्रवासात पाहिलेला आल्प्स त्याने इथे आणून बसवला.

नाताळ मात्र यात कुठेच नाही. ते वर्षाच्या महिन्यांवरच्या मालिकेतलं चित्र. नाताळ हवाच असेल तर त्याचंच १५६६ चं, ब्रसेल्समधलं ‘बेथलेहेमची शिरगणती’ घ्या. गोष्ट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, पण गाव ब्रूगेलच्या शेजारपाजारचं. खानावळीच्या खिडकीशी नाव नोंदवायला, कर भरायला झुंबड. दारात डुक्कर कापणं चाललंय. पोरं बर्फाचे गोळे मारताहेत. येशूची आई मरीया आणि तिचा नवरा, सुतार योसेफ, या गर्दीत असे मिसळलेत की कोणी वळूनही बघत नाही. आपल्या सरकारी कचेरीसमोरच्या रांगेतही वेगळं काय होतं? हे चित्र मुलांसोबत टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावा आणि त्या दोघांची जागा सांगू नका. खूण एवढीच द्या: खांद्यावर करवत घेतलेला माणूस.

डच चित्रकार हेन्ड्रिक आव्हरकाम्पचं १६०८ च्या सुमाराचं स्केटिंगवाल्यांचं चित्र त्याच जातीचं, जास्त गमतीचं. डावीकडे खाली जुन्या दाराचा पक्षी पकडायचा सापळा आहे, तो बघाच. अॅम्स्टरडॅमचं राइक्सम्यूझियम याची मोठी डिजिटल प्रत फुकट देतं, हा व्यवहारी फायदा. पण भिंतीवर अडचण तीच: छोट्या कागदावर मोहरी.

फ्रेंच चित्रकार मोनेचं ‘मॅगपाय’ या सगळ्यांच्या उलट. १८६८-६९ च्या हिवाळ्यात नॉर्मंडीत एत्रेताजवळ काढलेलं, आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात. माणूस एकही नाही. कुंपण आणि काठ्यांचं फाटक, कोकणातल्या बेड्यासारखं. त्यावर एक काळापांढरा पक्षी. (आपला दयाळ नव्हे, हा कावळ्याच्या कुळातला.) आणि कुंपणाची बर्फावर पडलेली सावली, चक्क निळी. ऊन अडलेल्या जागी बर्फावर वरच्या आकाशाचाच उजेड पडतो, म्हणून ती निळी दिसते. १८६९ च्या सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, हे चित्र नाकारलं होतं. यात शोधण्यासारखं फार काही नाही, आणि रोज येताजाता दिसणाऱ्या भिंतीसाठी मला तीच जमेची बाजू वाटते. दहा फुटांवरूनही ऊन पोचतं, छोट्या कागदावरही मरत नाही.

म्हणून माझ्या घरी वाटणी अशी झाली: शिरगणती टीव्हीवर, सुट्टीतल्या एका दुपारी, चहा घेऊन. शिकारी तेव्हाच, जेव्हा निदान तीन फूट रुंद प्रत काढायची तयारी आणि समोर उभं राहायला जागा असेल. नाहीतर मॅगपाय. फक्त छापायला देताना बजावून ठेवा की सावल्या निळ्याच आहेत, रंग ‘दुरुस्त’ करू नका. माझी पहिली प्रत राखाडी होऊन आली होती.